सनद, रुग्णालय आणि आनंदीबाई

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या विधिमंडळाने ११ मार्च १८५० रोजी केवळ स्त्रियांसाठी असलेल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला सनद देणारा कायदा संमत केला. बरोबर छत्तीस वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी, त्याच महाविद्यालयाने कल्याणात जन्मलेल्या एका महाराष्ट्रीय स्त्रीला वैद्यकशास्त्राची पदवी दिली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मराठी वाचकाला पाठ्यपुस्तकांतून, कादंबरीतून आणि रंगभूमीवरून परिचित आहे. धैर्य, त्याग आणि अकाली मृत्यू या तीन शब्दांत ते बहुधा सांगितले जाते. परंतु या चरित्राला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती बाजू कायद्याची आणि संस्थेची आहे. ज्यांना प्रस्थापित व्यवसायाने दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी राज्याने कायदा करून नवे महाविद्यालय काढले, तर त्यातून नेमके काय साधते आणि काय साधत नाही, याचे उत्तर या एका आयुष्यात सापडते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपालखात्यात कारकून होते. वयाने पत्नीपेक्षा पुष्कळ मोठे आणि स्वभावाने हट्टी, काहीसे विक्षिप्त. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. या ध्यासात माया होती तशी कठोरताही होती. अभ्यास चुकवून स्वयंपाकघरात रमल्याबद्दल त्या मुलीने मार खाल्ला, असे तिच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असा बदल्यांचा प्रवास चालू असतानाच तिचे शिक्षणही चालू राहिले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर मूल वाचले असते, ही भावना तिच्या मनातून पुढे कधी गेली नाही. स्त्रियांना पुरुष डॉक्टरापुढे मोकळेपणाने दुखणे सांगता येत नाही आणि स्त्री डॉक्टर तर उपलब्धच नाही, या कोंडीतून तिच्या निश्चयाचा जन्म झाला.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. ते पत्र तिकडच्या मिशनरी नियतकालिकात छापले गेले. धर्मांतराची तयारी नसल्याने मिशनकडून काही निष्पन्न झाले नाही. मात्र न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात ते आले. त्यांनी या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढे तिला स्वतःच्या घरी आश्रय दिला. एका खासगी गृहिणीच्या औदार्यावर भारताच्या वैद्यकीय इतिहासातील एक महत्त्वाचे पान उभे राहिले, ही गोष्ट जितकी हृद्य तितकीच विचार करायला लावणारी आहे. ज्या समाजात गरजेच्या सेवेचे शिक्षण एखाद्या पत्राच्या योगायोगावर अवलंबून असते, त्या समाजाची संस्थात्मक तयारी अपुरीच म्हटली पाहिजे.

आनंदीबाईंनी परदेशीच का जावे, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाला होता. पण एकट्या हिंदू सवर्ण स्त्रीने तेथे राहून शिकणे सोपे नव्हते. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दार स्त्रियांसाठी उघडले ते १८८३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच वर्षी. सेरामपूरच्या महाविद्यालयात त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी भरसभेत आपल्या प्रवासाचा हेतू स्पष्ट केला. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, ती भागविण्यासाठी आपण जात आहोत आणि जाताना हिंदू म्हणून जाऊ, परतताना हिंदू म्हणूनच परतू, असा त्या भाषणाचा आशय होता. अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने हे बोलावे, याचे सर्वांना आश्चर्य वाटले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले आणि जूनच्या आरंभी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव त्यांच्याबरोबर नव्हते. ते दोन वर्षांनी तेथे पोहोचले.

ज्या महाविद्यालयात त्या दाखल झाल्या त्याची कथा पाहिल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे प्रमुख केंद्र होते, आणि तेथील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीला प्रवेश नव्हता. डॉ. जोसेफ लाँगशोर आणि त्यांचे क्वेकर पंथीय सहकारी यांनी त्या महाविद्यालयांच्या दारावर धडका मारीत बसण्याऐवजी राज्याच्या विधिमंडळाचा रस्ता धरला. या रस्त्याला पूर्वोदाहरण होते. दोनच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, त्याच विधिमंडळाने होमिओपॅथीच्या महाविद्यालयाला सनद दिली होती. सनदेचा अर्थ एवढाच की, ही संस्था विद्यार्थ्यांना शिकवील, त्यांची परीक्षा घेईल आणि तिने दिलेली पदवी कायद्याच्या दृष्टीने पदवी ठरेल. व्यवसायातील ज्येष्ठांची संमती असो वा नसो, पदवी देण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींनी दिलेला असे. मक्तेदारीला छेद देण्याचे हे एक प्रभावी साधन होते. १८५० च्या ऑक्टोबरात वर्ग सुरू झाले आणि पुढील वर्षअखेर आठ स्त्रिया पदवी घेऊन बाहेर पडल्या.

येथपर्यंतचा इतिहास कायद्याच्या यशाचा आहे. यापुढचा इतिहास कायद्याच्या मर्यादेचा आहे. वैद्यक हे केवळ ग्रंथांतून शिकता येत नाही. त्यासाठी खाटेवरचा रोगी लागतो. सनदेने महाविद्यालय दिले होते, रुग्णालय दिले नव्हते. शहरातील रुग्णालये जुन्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांच्या हाती होती. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय संघटनेने या स्त्री-महाविद्यालयाच्या अध्यापकांशी आणि पदवीधरांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा ठराव केला. म्हणजे कायद्याने डॉक्टर ठरलेल्या स्त्रीला सहव्यावसायिकाचा सल्ला मिळण्याची वाटही बंद झाली. पहिल्या तुकडीच्या पदवीधर डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांनी या अडचणीचे मर्म ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. पुढे त्या या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. तरीही १८६९ च्या नोव्हेंबरात या विद्यार्थिनी शहरातील मोठ्या रुग्णालयातील व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडविली आणि रस्त्यापर्यंत त्यांचा पाठलाग केला. कायदा होऊन तेव्हा एकोणीस वर्षे लोटली होती.

आनंदीबाई १८८३ मध्ये तेथे पोहोचल्या तेव्हा या कष्टाचे फळ तयार होते. महाविद्यालयाला स्वतःचे रुग्णालय होते, स्त्री अध्यापकांची एक पिढी घडलेली होती आणि अधिष्ठाता प्रा. रेचल बॉडली यांनी या परदेशी विद्यार्थिनीला शिष्यवृत्ती देऊन तिची जबाबदारी उचलली. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली याही तेथे शिकत होत्या. तिघींचे आपापल्या देशीच्या वेषातील एकत्र छायाचित्र आजही पाहावयास मिळते. पेनसिल्व्हानियातील स्त्रियांसाठी केलेल्या कायद्याचा लाभ कल्याणच्या, जपानच्या आणि सीरियाच्या मुलींना मिळावा, हे त्या विधिमंडळाच्या ध्यानीमनीही नसेल. चांगल्या संस्थेचे फायदे तिच्या संस्थापकांच्या हिशेबात कधीच पुरते मावत नाहीत.

तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. पण त्याची किंमत शरीराने मोजली. शाकाहार सोडायचा नाही, भारतीय पोशाख सोडायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. हिवाळा कडाक्याचा, खोली नीट न तापणारी, पैसा बेताचा. मूळची नाजूक प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने शरीरात घर केले. अशा अवस्थेत त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. त्या दिवशी आनंदीबाईंना एकविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस उरले होते.

कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख नेमले होते. या नेमणुकीचे महत्त्व चरित्रकथनाच्या ओघात बहुधा निसटते. पदवीनंतर काय, हा प्रश्न संस्थानाने आधीच सोडविला होता. रुग्णालय उभे होते, जागा निर्माण केली होती, वेतनाची तरतूद होती. सनद फिलाडेल्फियात मिळाली, प्रशिक्षण तेथल्या रुग्णालयात झाले आणि सेवेचे ठिकाण करवीरात तयार होते. साखळीचे सर्व दुवे जुळले होते. तुटला तो फक्त एक दुवा, आणि तो माणसाचा होता. नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईला उतरल्या त्या अंथरुणाला खिळण्याच्या बेतातच. कोल्हापूरच्या जागेवर त्या कधी रुजूच होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पुकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभारले गेले.

आनंदीबाईंनी एकाही रोग्यावर स्वतंत्रपणे दीर्घकाळ उपचार केले नाहीत, म्हणून त्यांचे आयुष्य निष्फळ ठरले, असे मानणे चुकीचे होईल. परंतु त्यांच्या शोकांतिकेचा अर्थ केवळ दैवदुर्विलास म्हणून लावणेही अपुरे आहे. जे शिक्षण मुंबई-पुण्यात मिळायला हवे होते, ते मिळविण्यासाठी एका मुलीला सात समुद्र ओलांडावे लागले. तो प्रवास, ती थंडी आणि ती उपासमार हा त्या शिक्षणाचा खराखुरा खर्च होता. शिष्यवृत्तीच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही. जवळ संस्था नसली की तिची किंमत समाज रुपयांत भरत नाही, माणसांत भरतो.

त्याच काळात मुंबईत वेगळ्या क्रमाने काम चालले होते. सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला, इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून घेतले आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. येथे रुग्णालय आणि ग्रँट महाविद्यालयातील स्त्रियांचा प्रवेश ही दोन्ही कामे हातात हात घालून पुढे गेली. लंडनचा अनुभवही असाच बोलका आहे. तेथे १८७४ मध्ये स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय निघाले. परंतु त्याच्या विद्यार्थिनींची परीक्षा घ्यायला कोणी तयार नव्हते आणि शिकायला रुग्णालय नव्हते. १८७६ च्या कायद्याने परीक्षक मंडळांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि १८७७ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयाने दार उघडले, तेव्हा कोठे ते विद्यालय खऱ्या अर्थाने चालू झाले. त्याच विद्यालयात पुढे डॉ. रखमाबाई शिकल्या. १८९४ मध्ये पात्रता मिळवून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा केली. आनंदीबाईंच्या मनात जे होते ते रखमाबाईंच्या हातून घडले.

विधिमंडळाच्या मार्गाने वैद्यकीय शिक्षणात शिरण्याचा हा प्रकार स्त्रियांपुरता राहिला नाही. हाडे, सांधे आणि स्नायू हातांनी हाताळून उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे आपले विद्यालय काढले. त्यांच्या पदवीधरांना व्यवसायाची मुभा देणारे विधेयक १८९५ मध्ये विधिमंडळात संमत झाले, पण राज्यपालांनी ते अडविले. दोन वर्षांनी पुन्हा संमत झाले तेव्हा त्याचा कायदा झाला. १९१० च्या प्रसिद्ध फ्लेक्सनर अहवालात अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांची झडती घेतली गेली, तेव्हा ऑस्टिओपॅथीच्या विद्यालयांवरही कठोर टीका झाली. या पंथाने मग अभ्यासक्रम सुधारला, स्वतःची रुग्णालये उभारली आणि १९६९ मध्ये मिशिगन राज्याने कायदा करून ऑस्टिओपॅथीचे महाविद्यालय सरकारी विद्यापीठात स्थापण्याची तरतूद केली. १९७३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या पदवीधरांना पूर्ण डॉक्टरकीचा परवाना मिळाला. मिसूरीच्या कायद्यापासून सर्वमान्यतेपर्यंत पाऊणशे वर्षे गेली. मान्यता कायद्याने सुरू झाली. पण ती पक्की झाली रुग्णालयातील कामामुळे.

आपल्याकडेही १९३८ च्या मुंबई कायद्याने आणि नंतर १९६१ च्या महाराष्ट्र कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था लावली. आरोग्य विज्ञानासाठी नाशिकला स्वतंत्र विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याच्या धोरणाने वेग घेतला आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन झाले; गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, जालना ही नावे त्या यादीत आहेत. मागास भागांत महाविद्यालये जाणे हे स्वागतार्हच आहे. ज्या घरातील मुलगी मोठ्या शहराचा खर्च पेलू शकत नाही, तिच्यासाठी हे दार महत्त्वाचे आहे.

परंतु या धोरणाचे मोजमाप कशाने करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. आनंदीबाईंनी ज्या पुण्यात प्राण सोडला, ते मुठेच्या काठी वसलेले आहे. ही नदी ज्या डोंगरांतून उतरते त्या मुळशी तालुक्यात मुठा याच नावाचे गाव आहे. याच तालुक्यात लवळे येथे २०२० मध्ये खास मुलींसाठी असलेले खासगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला जोडून रुग्णालयही आहे. आनंदीबाईंना ज्यासाठी अमेरिकेला जावे लागले, ते आता मुळशीत आहे. ही प्रगती लहान नव्हे. मात्र मुठा खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या एखाद्या वाडीवर पावसाळी रात्री बाळंतीण अडली, तर तिच्या दृष्टीने तालुक्यात किती जागांचे महाविद्यालय आहे याला अर्थ नाही. जवळच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर मुक्कामाला आहे का, रक्ताची सोय आहे का, गाडी वेळेवर येते का, एवढेच तिला हवे असते. आनंदीबाईंच्या दहा दिवसांच्या बाळाचा प्रश्नही हाच होता.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा वाढल्या की डॉक्टर वाढतात आणि डॉक्टर वाढले की ते आपोआप खेड्यात पोहोचतात, हा हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्यामध्ये दोन दुवे असतात. पहिला, रोग्यांनी भरलेले आणि अध्यापकांनी सज्ज असलेले रुग्णालय. दुसरा, पदवीधराला सन्मानाने राहता येईल असे सेवेचे ठिकाण. पहिला दुवा तुटला की काय होते, याचा धडा फिलाडेल्फियानेच पुन्हा दिला आहे. १८४८ ची होमिओपॅथीची संस्था आणि १८५० ची स्त्रियांची संस्था, या दोन्ही काळाच्या ओघात एकत्र येऊन आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झालेल्या आहेत. त्या महाविद्यालयाचे प्रमुख शिक्षण-रुग्णालय असलेले हानेमन रुग्णालय २०१९ मध्ये आर्थिक दिवाळखोरीने बंद पडले आणि पाचशेहून अधिक शिकाऊ निवासी डॉक्टरांना दुसरीकडे आसरा शोधावा लागला. सनद शाबूत होती, विद्यापीठ श्रीमंत देशातले होते. पण रुग्णालय गेले आणि शिक्षण उघड्यावर आले.

कोल्हापूरचे उदाहरण याच्या उलट आहे. आनंदीबाईंची वाट पाहणारे आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडले गेले ते विसावे शतक सरता सरता, म्हणजे रुग्णालयानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेथे विद्यार्थ्याला रोगी शोधावा लागला नाही. रोग्यांच्या रांगेजवळच महाविद्यालय आले. सर्वच ठिकाणी शतकभर थांबावे, असा याचा अर्थ नाही. क्रम मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

यापुढे एखाद्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विधेयक किंवा शासननिर्णय येईल, तेव्हा किती जागा हा एकच आकडा विचारून थांबणे पुरेसे नाही. खाटा किती आणि त्यांपैकी भरलेल्या किती, कायमस्वरूपी अध्यापक किती आणि तात्पुरते किती, पदवीधरांसाठी तालुक्याच्या दवाखान्यात मंजूर पदे किती आणि त्यांवर वेतन, निवास व सुरक्षितता यांची तरतूद काय, हे प्रश्न आमदारांनी सभागृहात आणि नागरिकांनी बाहेर विचारले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकातील एका संस्थानी दरबाराने एका स्त्री डॉक्टरसाठी हा विचार ती परतण्याआधी केला होता. एकविसाव्या शतकातील राज्याकडून तेवढी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये.